खटका



माउली, एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दौंडच्या पंपावर पेट्रोल भरताना नोझल सारखे खटकन बंद पडे. पुन्हा लावले, पुन्हा खटका. माझ्या मनाने लगेच निकाल दिला : हा पोरगा मापात पाप करतो. चारचौघांत तसे बोललोही. तो गप्प राहिला.

पुढे शिरूरला सर्व्हिस सेंटरमध्ये मिस्त्रीने गाडी वर उचलली. टाकीत पेट्रोल उतरते तेव्हा आतली हवा बाहेर पडावी लागते. ती कोळशाच्या एका डबीतून जाते. आमची डबी पेट्रोलने भिजून बुजली होती. हवा कोंडली की पेट्रोल तोंडाशी येते, नोझलच्या टोकाचे बारीक भोक झाकते आणि खटका पडतो. नोझल आपले काम चोख करीत होते! मिस्त्रीने विचारले, “महाराज, खटका पडल्यावरही वर भरायला लावता का?” वर्षानुवर्षे तेच करीत आलो. त्यानेच डबी गेली. नवी बसवली, गाडी नीट झाली.

परनिंदेवर मी आयुष्यभर कीर्तने केली. आता पांडुरंगापुढे नाक घासले म्हणजे हे फिटते का? मला नाही वाटत. आळ चारचौघांत घेतला, तो मागेही चारचौघांतच घ्यावा लागतो. देवाला मध्ये घालणे ही पळवाट झाली.

दुसऱ्या दिवशी पंपावर गेलो, मालकासमोर, गिऱ्हाइकांसमोर बोललो. पोरगा म्हणाला, “जाऊ द्या बाबा,” आणि पुढच्या गाडीकडे वळला. त्या दिवशी त्याचा पगार कापला होता का, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.