वाजवून दिलेलं दान

माठ घेताना आपण तो आधी बोटाच्या पेराने वाजवून बघतो. पक्का भाजलेला माठ खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या तर नावातच कुंभार आहे. तिथे ही परीक्षा कोणाला शिकवायला नको.

दानाची वस्तूही अशीच वाजवून द्यावी. जुन्या संगणकांचंच घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० या संगणक प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण धडधाकट असे कितीतरी संगणक त्यामुळे कचेऱ्यांना नकोसे झाले. पोलादाच्या नि बियाण्यांच्या जालन्यात हिशेबाच्या टेबलावरून उतरलेलं असं एखादं यंत्र लिनक्स ही मोफत प्रणाली घालून गावच्या शाळेत नेलं, तर पोरं त्यावर मराठी टायपिंग शिकतील.

कठोपनिषदातला नचिकेता वयाने लहान होता. तरी वडील आटलेल्या, थकलेल्या गायी दान देताहेत, हे त्याला खटकलं. घेणाऱ्याच्या घरी दूध जाणार नव्हतं, सांभाळण्याचा भार तेवढा जाणार होता. वायर नसलेला, सुरूच न होणारा संगणक शाळेला देणं याहून वेगळं नाही.

म्हणून देण्याआधी तो एकदा चालू करावा. तारीख दर वेळी मागे जात असेल, तर बहुधा आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो, तो बदलावा. कीबोर्डची एकेक कळ दाबून बघावी. नुसत्या डिलीट केलेल्या फाइली परत मिळवता येतात, म्हणून हार्ड डिस्क नीट पुसावी. काढूनच घेतली, तर दुसरी बसवून द्यावी. वायर सोबत बांधावी. आणि जो दुरुस्तच होणार नाही, तो ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे पाठवावा, शाळेच्या दारात नको.

यात आपली एखादी दुपार जाईल. जाऊ द्यावी. शाळेतली मुलगी पहिल्यांदा बटण दाबेल, तेव्हा पडदा उजळला पाहिजे. ‘आपल्या वाट्याला असलंच यायचं’ हा विचार तिच्या मनाला शिवू नये, एवढं तरी आपण पाहायलाच हवं.