कालचा बर्फ आणि जुने लोखंड

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. अशा शिकाऊ मंडळींना व्याकरणापलीकडे गेल्यावर काही घरगुती वाक्प्रचार भेटतात. कालबाह्य झालेली गोष्ट म्हणजे ‘श्ने फॉन गेस्टर्न’, कालचा बर्फ. शिळी बातमी म्हणजे ‘काल्टर काफे’, थंड कॉफी. (कारवार-मंगळूरकडील वाचकांना तिची चव सांगावयास नको.) शंभरदा ऐकलेली कल्पना ही ‘आल्टर हूट’, जुनी टोपी.

इथवर तक्रारीस जागा नाही. मतांना शिळेपण येतेच, आणि यावेही. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले झाले, तेव्हा ‘पूर्वापार असेच चालत आले’ हा युक्तिवाद कालचा बर्फ ठरला. तो वितळला हे इष्टच झाले. जुन्याचा कैवार घेताना देवळांशी नाते सांगणाऱ्या आपण हे विसरू नये.

चौथा वाक्प्रचार मात्र मनास बोचतो. ‘त्सुम आल्टन आयझन’, म्हणजे जुन्या लोखंडात जमा. हा बहुधा माणसांविषयीच बोलला जातो. वयामुळे कामावरून दूर सारलेल्यांविषयी. मराठीनेही फार सोवळेपणा मिरवू नये. आपण भांडी मोडीत घालतो, तशी माणसेही मोडीत काढतो.

लोखंडाचा विषय निघाला म्हणून बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीची आठवण होते. तेथील खाणीतून मँगनीज निघते, आणि मँगनीजचा मुख्य उपयोग पोलाद करण्याकडे होतो. पोलादाच्या भट्टीत मोडीचे लोखंडही पुन्हा वितळते व नव्या आकाराने बाजारात येते. धातूला ही सोय आहे; माणसास वितळवून नवा करता येत नाही. मग त्याचे मोल मोडीच्या तराजूत करावयाचे ते कोणत्या न्यायाने?

देवळात तर आपण फुलाच्या बाबतीतही हा विवेक पाळतो. काल वाहिलेले फूल आज पूजेस चालत नाही, तथापि त्यास कचरा न म्हणता निर्माल्य म्हणतो आणि पायाखाली येऊ देत नाही. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जनही विधिपूर्वक होते. उपयोग सरला, आदर सरला नाही. घरातील वृद्धांच्या वाट्यास मात्र पुष्कळदा निर्माल्याएवढाही मान येत नाही.

जर्मन वृद्ध हा चौथा वाक्प्रचार बहुधा नकारासह उच्चारतात : मी अजून जुन्या लोखंडात गेलेलो नाही! आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या परिचारिकेला शिक्षकाने तो तसाच, नकारासकट शिकवावा. रुग्णशय्येवरून कोणी तो पुटपुटला, तर तिला त्यातला ‘नाही’ आधी ऐकू यावा.