छळ सोसणाऱ्यांसाठी आपण काय मागतो?

रविवारच्या मिस्साबलिदानात श्रद्धावंतांच्या प्रार्थना चालू असतात. पोप महोदयांसाठी, आजाऱ्यांसाठी, पावसापाण्यासाठी मागून झाले की कधीतरी एक विनंती येते: श्रद्धेपायी जगभर छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बांधवांसाठी. वाचणारी मुलगी ती एका दमात वाचते, आपण सारे एका सुरात उत्तर देतो आणि पुढची विनंती सुरू होते. सगळे मिळून दहा सेकंदही लागत नाहीत. पण त्या दहा सेकंदांत आपण देवाकडे नेमके काय मागितले, असे चर्चच्या पायरीवर कोणी विचारले तर काय सांगाल?

बहुतेक जण म्हणतील, त्यांची सुटका व्हावी. ते बरोबरच आहे. ज्याच्या घराला आग लागली आहे त्याच्यासाठी आधी पाणीच मागायचे असते. तरीही प्रश्न तिथे मिटत नाही, कारण काहींची सुटका होते आणि काहींची होत नाही.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा बारावा अध्याय काढून पाहा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले. लोकांना ते आवडले असे पाहून त्याने पेत्रालाही धरले. पेत्र दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मध्ये झोपलेला. इकडे मार्कच्या आईच्या घरी मंडळी कळकळीने प्रार्थना करीत होती. रात्री देवदूत आला, साखळ्या गळून पडल्या आणि पेत्र त्या घराच्या दारावर येऊन ठोकू लागला. दासीने आवाज ओळखून आत सांगितले तर सगळ्यांनी तिलाच वेड्यात काढले! ज्याच्यासाठी गुडघे टेकले तोच दाराशी उभा आहे, आणि आतल्या कोणाचा विश्वास बसत नाही. आपल्या प्रार्थनेची गत अनेकदा अशीच असते.

ही गोष्ट आपण आनंदाने सांगतो. पण याकोबाचे काय? तो बारा जणांपैकी एक होता, रूपांतराच्या वेळी डोंगरावर प्रभूबरोबर होता. त्याच्यासाठी मंडळीची कळकळ कमी पडली असेल काय? लूकने याचे काहीच कारण दिलेले नाही. याकोबाचा मृत्यू तो एका ओळीत सांगतो आणि पुढे जातो. मला तरी हे त्या अध्यायातले सर्वांत प्रामाणिक स्थळ वाटते.

आपल्या काळातही हा अध्याय घडला आहे. पाकिस्तानातील पंजाब प्रांतात शेखूपुरा जिल्ह्यात आसिया बीबी ही शेतमजूर कॅथलिक बाई राहत असे. जून २००९ मध्ये शेतात फालसे तोडताना ती पाणी आणायला गेली. ख्रिस्ती बाईने भांडे बाटवले, ते पाणी आम्ही पिणार नाही, असे सोबतच्या काही बायांनी म्हटले आणि त्यावरून बाचाबाची झाली. (पाणी आणि विटाळ यांचे नाते आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. चवदार तळे महाराष्ट्रातच आहे.) काही दिवसांनी तिच्यावर प्रेषितांची निंदा केल्याचा आरोप आला. त्या देशाच्या दंडसंहितेत १९८६ साली घातलेल्या २९५-सी या कलमाखाली नोव्हेंबर २०१० मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. घरी मुलेबाळे होती. त्याच महिन्यात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिच्या सुटकेसाठी जाहीर आवाहन केले आणि देशोदेशीच्या चर्चेसमध्ये तिच्यासाठी प्रार्थना होऊ लागल्या. २०१४ मध्ये लाहोरच्या उच्च न्यायालयाने फाशी कायम केली. अखेर ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. मे २०१९ मध्ये ती कॅनडाला पोहोचली. आसियाच्या साखळ्या गळून पडायला नऊ वर्षे लागली, पण त्या पडल्या.

आणि याकोब? तेही याच गोष्टीत आहेत. शहबाज भट्टी हे पाकिस्तानचे अल्पसंख्याक खात्याचे मंत्री होते, आपल्यासारखेच कॅथलिक. ते आसियाच्या बाजूने उभे राहिले आणि निंदेच्या कायद्याचा गैरवापर थांबवा असे उघडपणे म्हणत राहिले. धमक्या येत होत्या. देश सोडून जाण्याची संधी असतानाही ते गेले नाहीत. २ मार्च २०११ रोजी इस्लामाबादमध्ये आईच्या घरातून निघाले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय ४२. त्यांच्यासाठीही कोणी तरी रोज माळ जपत असेलच.

म्हणून प्रार्थना म्हणजे देवाच्या कचेरीत दिलेला अर्ज, आणि ज्याच्या अर्जावर जास्त सह्या त्याची सुटका, असे मानता येत नाही. तसे मानले तर भट्टींच्या आईला आपण काय सांगणार? तुमच्या मुलासाठी सह्या कमी पडल्या?

छळ सोसणारे स्वतः काय मागतात हे पाहिले तर थोडी वाट दिसते. पेत्र आणि योहान यांना धर्मसभेने दम देऊन सोडले, तेव्हा पहिल्या ख्रिस्ती लोकांनी धमक्या थांबाव्यात असे मागितले नाही. धैर्याने बोलता यावे एवढेच मागितले. संत पौलाने बेड्यांत असताना एफेसकरांना पत्र लिहिले, त्यातही बेड्या तुटाव्यात अशी विनंती नाही. शुभवर्तमान न घाबरता सांगता यावे यासाठी प्रार्थना करा, असे तो सांगतो. सुटका मागू नये असा याचा अर्थ नाही. गेथशेमनी बागेत प्रभूनेही प्याला टळावा असे आधी मागितलेच होते. पण सुटका झाली नाही तरी जी प्रार्थना वाया जात नाही, ती स्थिर राहण्याची.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर रक्तसाक्षी झाले. त्या काळी जपानची बातमी इथे यायला महिने लागत. वसईत त्यांच्या माणसांनी त्यांच्या सुखरूपतेसाठी काही मागितले असेल, तर त्यातले पुष्कळसे ते गेल्यानंतरचेच असणार. ते कुठे गेले? पुढे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि दोनशेहून अधिक वर्षे तिथे धर्मगुरू राहिले नाहीत. तरी १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्याच एका नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि फ्रेंच धर्मगुरूला हळूच म्हणाले, तुमची श्रद्धा तीच आमची. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ती लपवून जपली होती. देवाच्या घड्याळाचा हिशेब आपल्याला मांडता येत नाही. पण एकासाठी मागितलेले दुसऱ्याच्या पदरात पडत नसेलच, असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

आता एक अवघड गोष्ट. छळाच्या बातम्या ऐकताना मनात दया येते, तिच्या मागोमाग रागही येतो, आणि प्रार्थना संपता संपता आपल्या तोंडी एखाद्या पूर्ण समाजाचे नाव येते. आसियाची गोष्ट इथे आपला हात धरते. तिच्यासाठी सर्वांत आधी जीव गेला तो पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांचा. ते मुसलमान होते. ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना मारले. सर्वोच्च न्यायालयात तिची बाजू लढवणारे वकील सैफ-उल-मलूक मुसलमान, तिला सोडणारे तिन्ही न्यायमूर्ती मुसलमान. निकालानंतर वकिलांना जीव वाचवायला काही काळ देश सोडावा लागला. आपण देवदूत मागितला होता. देवाने वकील पाठवला. याच कायद्याखाली पकडले गेलेल्यांत मुसलमानांचीही संख्या मोठी आहे. मग आपली प्रार्थना फक्त ‘आपल्या’ माणसांपुरती कशी ठेवायची?

आणि छळ करणाऱ्यांचे काय? प्रभूची आज्ञा स्पष्ट आहे, म्हणूनच ती आपण भरभर वाचून पुढे जातो. आपल्या देशात ती कोणी तरी पाळून दाखवली. मध्य प्रदेशात गोरगरीब आदिवासींना सावकारांच्या कचाट्यातून सोडवू पाहणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये सुऱ्याने भोसकून मारले. त्यांची धाकटी बहीणही त्याच संघाची धर्मभगिनी. तिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये सिस्टरांना धन्यवादित घोषित केले गेले, तेव्हा तो माणूस तिथे हजर होता. स्तेफनाने मरताना केलेल्या प्रार्थनेमुळेच ख्रिस्तसभेला पौल मिळाला, असे संत आगुस्तीन म्हणत. कपडे सांभाळत उभा असलेला तरुण शौल त्या दिवशी कोणाच्या प्रार्थनेच्या यादीत असता?

श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहिण्याची पाळी ज्या समूहाकडे येईल, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की ‘जगभरातील’ या शब्दावर थांबू नका. एका वेळी एकच ठिकाण घ्या. जसे पंजाबातले जरांवाला. तिथे १६ ऑगस्ट २०२३ रोजी जमावाने वीसहून अधिक चर्चेस आणि कित्येक घरे जाळली, आणि त्यानंतरच्या रविवारी तिथले लोक जळालेल्या चर्चसमोर उपासनेला जमले. त्यांची सुटका मागा, त्यांची श्रद्धा टिकावी असे मागा, त्यांना आसरा देणाऱ्या शेजाऱ्यांसाठी मागा आणि काडी लावणाऱ्यांसाठीही. चार ओळी होतील. दहा सेकंदांऐवजी तीस लागतील, पण मिस्साला उशीर झाला म्हणून फादर रागावणार नाहीत.