एका रेषेची जमीन

गोष्टीचा शेवट सांगणे हे गोष्ट सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे, अशी आपणां सर्वांचीच समजूत असते. राक्षस मेला की नाही, हरवलेला मुलगा घरी परतला की नाही, हे कळल्यावाचून मूल झोपायला तयार होत नाही. आणि या बाबतीत थोरांची तऱ्हाही फारशी निराळी नसते. कहाणी सुफळ संपूर्ण झाली, की हातातल्या अक्षता देवावर वाहून आपण मोकळे होतो. पण काही गोष्टी अशा असतात, की त्या संपल्या तरी अक्षता मुठीतच राहतात. त्या कोठे वाहाव्यात, हेच उमजत नाही.

अशा एका गोष्टीविषयी मला येथे लिहायचे आहे. ती जपानची आहे, आणि ती चित्रांतून सांगितलेली आहे. अशा हलत्या चित्रांच्या मालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात. चित्रांचा खेळ म्हणजे पोराबाळांचा, असे समजून आपण वडीलधारी माणसे तेथून उठून जातो; आणि घरातली पंधरा-सोळा वर्षांची मुले मात्र रात्र रात्र जागून तो पाहत असतात. ‘निऑन जेनेसिस एव्हान्गेलियन’ हे या मालिकेचे नाव. टीव्ही टोकियोवर 4 ऑक्टोबर 1995 ते 27 मार्च 1996 या काळात तिचे 26 भाग दाखवले गेले. 2019 साली ती नेटफ्लिक्सवर आली आणि जगभरच्या नव्या मुलांपर्यंत पोचली. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. तिचा शेवट नेमका काय, याविषयीचा वाद अजून मिटलेला नाही.

कथा थोडक्यात अशी. 2000 साली दक्षिण ध्रुवावर एक महाभयंकर उत्पात होतो आणि निम्मी मनुष्यजात नष्ट होते. त्यानंतर पंधरा वर्षांनी, कथेतल्या 2015 सालात, ‘देवदूत’ म्हटले जाणारे अगडबंब जीव एकामागून एक चाल करून येतात. शिंजी इकारी हा चौदा वर्षांचा पोरका मुलगा. पोरका म्हणायचे ते अशासाठी, की आई गेलेली, आणि बाप जिवंत असून त्याने मुलाला टाकलेले. हा बाप, गेंडो, एके दिवशी मुलाला बोलावून घेतो. शिंजीला वाटते, बापाला आपली आठवण झाली. पण गेंडोला हवा असतो एका महाकाय यंत्रदेहात बसून लढणारा पोर, दुसरे काही नाही. शिंजी नकार देतो. तेव्हा त्याच्याऐवजी लढायला म्हणून रेई नावाची एक जखमी मुलगी खाटेवरून आणली जाते. तिच्याकडे पाहून तो कबूल होतो. पुढच्या साऱ्या कथेची मेख या पहिल्याच प्रसंगात आहे. दुसऱ्याजवळ गेले की दुखते. आणि दूर राहिले तरी दुखतेच.

चौथ्या भागाच्या इंग्रजी नावात साळिंदरांसारख्या काटेरी प्राण्यांच्या पेचाचा उल्लेख आहे. हे रूपक मुळात जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर याचे, 1851 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातले. कडाक्याच्या थंडीत साळिंदरे उबेसाठी एकमेकांजवळ येतात. काटे बोचतात, म्हणून दूर होतात. पुन्हा गारठतात, पुन्हा जवळ येतात. शेवटी सोसवेल इतकी ऊब आणि सोसवतील इतके काटे, असे एक अंतर त्यांना सापडते. शोपेनहाउअरच्या मते माणसांमधला शिष्टाचार म्हणजेच हे अंतर. मात्र ज्याच्या अंगी स्वतःची ऊब आहे त्याने दूर राहावे हेच बरे, असेही त्याने पुढे सांगून ठेवले आहे. या तत्त्वज्ञाला आपली उपनिषदे लॅटिन भाषांतरातून ठाऊक होती आणि ती त्याला फार प्रिय होती, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सर्व जीव मुळात एकच आहेत या विचाराचा मोह, आणि प्रत्यक्ष शेजारच्या माणसाचा त्रास, या दोन टोकांमध्ये तोही घोटाळलाच होता.

एव्हान्गेलियनमध्ये हाच पेच अखिल मानवजातीचा होतो. पडद्याआड बसलेली काही बडी माणसे एक योजना आखतात. माणसामाणसांत जी भिंत असते ती पाडायची आणि सर्व आत्मे एकमेकांत विरघळवून टाकायचे. मग कोणी कोणाचा गैरसमज करणार नाही, कोणी कोणाला सोडून जाणार नाही, एकटेपणा म्हणून उरणारच नाही. ज्या अदृश्य कवचामुळे देवदूतांवर कसलेही शस्त्र चालत नाही, ते कवच म्हणजे प्रत्येकाच्या मनाभोवतीची भिंतच होय, असा उलगडा चोविसाव्या भागात होतो. शत्रूची म्हणून जी ढाल आपण इतका वेळ पाहत होतो, ती आपल्याही छातीत निघते.

आणि मग शेवटचे दोन भाग येतात. प्रेक्षक महायुद्धाची वाट पाहत बसलेले. आणि पडद्यावर युद्ध नाही, राक्षस नाहीत. रिकाम्या मंचावरची एक खुर्ची, स्थिर चित्रे, कच्ची रेखाटने, आणि स्वतःशीच वाद घालणारा शिंजी. शेवटी सगळी परिचित माणसे त्याच्याभोवती उभी राहून टाळ्या वाजवतात, त्याचे अभिनंदन करतात, आणि मालिका संपते. पुष्कळ प्रेक्षक खवळले. वेळ आणि साधने अपुरी पडली म्हणून असे झाले, असेही बोलले गेले. जुलै 1997 मध्ये ‘द एंड ऑफ एव्हान्गेलियन’ हा चित्रपट आला. त्यात तोच शेवट बाहेरच्या बाजूने दाखवला आहे. माणसे खरोखरच विरघळतात, त्यांचा समुद्र होतो. मग त्या समुद्रात राहावे की परतावे, हे शिंजीला ठरवावे लागते. पुन्हा दुखावला जाईन हे ठाऊक असूनही तो परतणे पत्करतो. शेवटच्या दृश्यात लाल समुद्राच्या काठी तो आणि आसुका ही मुलगी, अशी दोघेच पडलेली आहेत. तो तिचा गळा दाबू लागतो. ती त्याच्या गालावरून हात फिरवते. तो हात सोडून रडू लागतो. ती किळस आल्याचा एक उद्गार काढते. पडदा काळा होतो.

याचा अर्थ काय?

अर्थ लावणाऱ्यांनी पहिली धाव घेतली ती प्रतीकांकडे. प्रतीकांना तर तोटाच नाही. स्फोट होतो तो क्रूसाच्या आकाराचा. तळघरात एक पांढरा महादेह क्रूसावर खिळलेला. गेंडोच्या कचेरीच्या छतावर ज्यू गूढविद्येतला जीवनवृक्ष. तीन संगणकांना बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांची नावे. खुद्द ‘एव्हान्गेलियन’ हा शब्द ग्रीक. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक ज्याला शुभवर्तमान म्हणतात, तोच त्याचा अर्थ. एवढी सामग्री हाती आल्यावर माणूस किल्ली शोधत बसणारच. पण सहदिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी पुढे स्वच्छ सांगून टाकले, की या खुणांमागे धर्माचा काही खास अर्थ नव्हता. महाकाय यंत्रांच्या मालिका जपानात उदंड. आपली त्यांत उठून दिसावी, आणि जपानी डोळ्यांना ख्रिस्ती चिन्हे गूढ वाटतात, म्हणून ती घेतली.

हे ऐकून कित्येकांचा विरस झाला. मला मात्र त्यात शहाणपण दिसते. ज्या कुलपाची किल्ली शोधीत आपण रात्री घालवतो, ते कुलूप कधीकधी उघड्याच दाराला लटकवलेले असते. क्रूसाचा अर्थ लावणे सोपे आहे, कारण त्यात आपले स्वतःचे काही पणाला लागत नाही. ‘तू असतास तर त्या समुद्रातून परत आला असतास काय?’ हा प्रश्न मात्र अवघड आहे. आणि सारी मालिका तोच एक प्रश्न विचारते.

शेवट संदिग्ध आहे, असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात, असे मला वाटते. शिंजीने काय निवडले, यात तिळमात्र संदिग्धता नाही. टाळ्यांच्या शेवटातही तो माणसांत राहणे निवडतो आणि समुद्रकाठच्या शेवटातही तेच निवडतो. धूसर आहे ते एवढेच, की या निवडीचे पुढे फळ काय मिळाले. तिथे लेखकाने हात आखडला, हेच त्याचे प्रामाणिकपण. माणसांत राहायचे ठरवले तर माणसे आपल्याशी बरी वागतील, अशी हमी कोणी कोणाला देऊ शकत नाही. मालिका सुरू होण्यापूर्वी, 1995 सालीच, आन्नोने लिहिले होते, की गेली चार वर्षे आपण मोडून पडलो होतो, काहीच हातून होत नव्हते. आणि या पात्रांचे पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक नाही, कारण आपले स्वतःचे व आपल्या सोबत्यांचे काय होणार हेही ठाऊक नाही.

येथे कोणी विचारील, की भेद मावळून सर्व एक होणे, हे तर आपल्याकडे परमोच्च ध्येय मानले आहे. मग त्या समुद्राला भ्यायचे कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण संतांचे ऐक्य ज्याने त्याने स्वतःच्या साधनेने मिळवायचे असते. ते कोणा मंडळाने ठराव करून सर्वांवर लादायचे नसते. गेंडो या योजनेत सामील होतो तो केवळ मेलेल्या बायकोला पुन्हा भेटता यावे म्हणून. आणि त्यासाठी साऱ्या जगाच्या भिंती पडल्या तरी त्याला चालणार असते. दुसऱ्याच्या वतीने मोक्ष ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. चित्रपटातही परतण्याचा मार्ग ज्याचा त्याने शोधायचा आहे. ज्याला जगावेसे वाटेल तो आपला आकार आठवून परत येईल. शिवाय आपल्याच परंपरेत मोक्ष नाकारून पुन्हा जन्म आणि संतसंग मागणारे तुकोबाही आहेत. गोडी चाखायला चाखणारा वेगळा उरावा लागतो, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

सव्विसाव्या भागातले एक चित्र मला सर्वांत मोलाचे वाटते. शिंजी एका कोऱ्या पांढऱ्या अवकाशात तरंगत असतो. ना वर, ना खाली. पूर्ण स्वातंत्र्य, पण करायचे काय ते सुचत नाही. मग त्या कोरेपणात कोणीतरी एक आडवी रेघ ओढते. ती झाली जमीन. एक स्वातंत्र्य कमी झाले, कारण आता खाली जाता येत नाही; पण आता उभे राहता येते, चालता येते. माणसाला दुसऱ्या माणसाची मर्यादा अशीच लागते, असे हे चित्र सांगते. दुसरा कोणी आहे म्हणून ‘मी’ला कडा आहे. ती कडा लागते हे खरे; पण तीच नसेल तर पाय टेकायचे कशावर?

या उजेडात समुद्रकाठचा तो किळसवाणा उद्गार पाहा. विरघळलेल्या समुद्रात कोणाला कोणाची किळस येणे शक्यच नव्हते. ती आली, याचाच अर्थ समोर खरोखरीचे दुसरे माणूस आहे. त्याचे मन त्याचे आहे, ते आपल्या मुठीत नाही. शिंजी परतला म्हणून सज्जन झाला, असेही नाही. परतल्यावर त्याचे पहिले कृत्य लाजिरवाणेच आहे. आसुकाच्या त्या स्पर्शाला क्षमा म्हणण्याची घाई मी करणार नाही. निवड योग्य असली म्हणून माणूस एका रात्रीत सुधारत नाही. फक्त सुधारण्याला जागा उरते. समुद्रात तीही नव्हती.

ही गोष्ट जपानात का जन्मली, हेही पाहण्यासारखे आहे. 1995 च्या जानेवारीत कोबेच्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. मार्चमध्ये एका पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. पुढे 1998 साली तामाकी साइतो या मनोविकारतज्ज्ञांचे पुस्तक निघाले आणि ‘हिकिकोमोरी’ हा शब्द घरोघरी गेला. महिनोन्‌महिने खोलीचे दार लावून घेऊन जगापासून दूर राहणारी तरुण मुले, असा त्याचा अर्थ. शाळामास्तर म्हणून मी इतकेच सांगू शकतो, की दार लावून घेणारे मूल जपानातच असते असे नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगा प्रत्येक शाळेत असतो. त्याला अज्ञानाची भीती नसते, शेजारच्या हसण्याची असते.

आन्नोने 2007, 2009, 2012 आणि 2021 साली चार चित्रपटांत ही कथा नव्याने सांगितली. अखेरच्या चित्रपटात मोठा झालेला शिंजी एका रेल्वे स्थानकावर उभा असतो. मग तो आणि त्याची सोबतीण हात धरून स्थानकाबाहेर धावतात आणि चित्र संपून खरेखुरे, छायाचित्रित गाव दिसू लागते. ते गाव उबे, आन्नोचे जन्मगाव. पाव शतकानंतर उत्तर तेच राहिले. फक्त ते देताना आवाज कापत नव्हता.

सणाच्या दिवसांत घरातले सारे एकत्र येतात, आणि तरीही एखाद्या खोलीचे दार लोटलेले असते. आतल्या मुलाने ही मालिका पाहिली असेल तर त्याला त्या क्रूसाचा अर्थ विचारू नये. तू परत आला असतास काय, एवढेच विचारावे. मात्र त्याचे उत्तर ऐकून घेतल्यावर तो तोच प्रश्न आपल्यालाही विचारील, याची तयारी ठेवून दारावर टकटक करावी.