दुपारचा अर्धा तास

गेल्या दिवाळीत बीडमधल्या एका मंगल कार्यालयात व्याख्यान होतं. विषय, पंचेचाळिशीत नोकरीतून मोकळं कसं व्हायचं. पुढच्या रांगांत पुण्याहून सुट्टीला आलेले इंजिनिअर, मागे जिल्हा परिषदेचे तरुण गुरुजी, दोन-तीन मेडिकलवाले. वक्ता तयारीचा होता. पगाराचा निम्मा भाग एसआयपीत घाला, हौसेसाठी कर्ज काढू नका, जुनी गाडी चालवा. इथवर हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. मग त्याने वानप्रस्थाश्रम काढला, पाठोपाठ सावता माळी काढला, आणि आपल्या पूर्वजांनी हेच सांगून ठेवलंय असं ठोकून दिलं. एका गुरुजींनी विचारलं, मी संध्याकाळी तबला शिकायला जातो, ते चालू ठेवावं का? उत्तर आलं, “सर, छंद पंचेचाळिशीनंतर. आता फक्त टार्गेट.” टाळ्या पडल्या.

पैसे साठवण्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या टाळ्यांशी. आधी सगळं कमवून घ्यायचं आणि मग जगायला लागायचं, हा विचार आपल्या परंपरेच्या नावावर खपवला जातो आणि कुणाला काही वाटत नाही, याचं मला नवल वाटतं.

वानप्रस्थाचं आधी उरकून टाकू. मनुस्मृतीने वनात जायची वेळ सांगितली ती अंगावर सुरकुत्या पडल्यावर, केस पिकल्यावर, नातवंडाचं तोंड पाहिल्यावर. त्या काळी नातू चाळिशीतही व्हायचा, हे मान्य. पण तिथे हिशेब साठवलेल्या पुंजीचा नव्हता, घराचा कारभार पोराच्या हाती सोपवून बाजूला होण्याचा होता. शिवाय हा क्रम सांगितला तो वरच्या तीन वर्णांच्या पुरुषांना. मुदतीआधीच बाहेर पडणाऱ्याचं काय होतं, हे तर मराठी घरांत लहान पोरालाही ठाऊक असतं. आपेगावचे विठ्ठलपंत संसार अर्ध्यावर टाकून काशीला गेले, गुरूने माघारी धाडलं, आणि पुढचा सगळा भुर्दंड रखुमाबाईने आणि चार लेकरांनी भरला. लवकर मोकळं होणाऱ्याच्या वाट्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर जातं, हा प्रश्न मंगल कार्यालयात कुणी विचारला नाही.

संतांनी हा क्रमच मोडला. परळीच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई जात्यावर बसली होती. तिला कुठला आश्रम आणि कुठली निवृत्ती? आयुष्याच्या शेवटी मिळणारा मोकळा वेळ ज्यांच्या वाट्याला कधी येणारच नव्हता, अशा माणसांनी तो वर्षाच्या आत, दिवसाच्या आत ओढून आणला. पेरणी उरकली की आषाढीची वारी, पंधरा दिवसांनी एकादशी, गावचा सप्ताह. अरणच्या सावत्याला ‘काम हीच पूजा’वाला आदर्श कर्मचारी करून टाकणारे वक्ते त्याला उलटा वाचतात. आणखी राब, असं त्याचं सांगणं नव्हतंच. देवासाठी मळा सुटायची वाट बघावी लागत नाही, असं तो म्हणत होता.

घर लवकर सोडूनही ज्यांचं भलं झालं असे दासोपंत आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला होऊन गेले. पण ते काही स्वस्थ बसले नाहीत. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ त्यांच्या नावावर आहे, आणि कागद पुरेना म्हणून की काय, चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढलं. ती पासोडी आजही पाहता येते. घर सोडल्यावर या माणसाने जेवढं काम केलं, तेवढं कुठल्या देशपांड्याने वतनावर बसून केलं नसेल.

नंतर इंग्रजी अमदानी आली आणि सरकारी नोकराला पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळू लागली. अर्जव्यवहार, फंड, सदाशिव पेठेतला पेन्शनर, हे सगळं वाचकाला माहीत आहे. आयुष्याचे नोकरी आणि नोकरीनंतर असे दोन तुकडे खऱ्या अर्थाने पडले ते इथे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला, आणि शेवटच्या तुकड्याची हमी गेल्यावर तरुण माणूस घाबरून एसआयपीकडे वळला. यात त्याला दोष देता येत नाही.

पण पेन्शनच्या जोडीनेच दुसरी एक वाट मुंबईच्या गिरण्यांतून निघाली होती. तिच्याविषयी सगळ्यांचा घोळ होतो, म्हणून तिथे जरा थांबतो.

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली, त्यांना चर्चला जायचं होतं म्हणून. असं आपल्याकडे सर्रास सांगतात. गिरणी कामगाराला ती कुणीही दिलेली नव्हती. कचेऱ्यांना रविवार होता, गिरण्यांना नव्हता. यंत्र पुसायला, दुरुस्तीला म्हणून सुट्टीच्या दिवशीही माणसं बोलावली जात. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणीत स्वतः नोकरी केलेला माणूस. त्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या सावकाश वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक रविवार पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर अपघात झाला तर भरपाई.

म्हातारपणाचं यात काही नाही. कामगारांना म्हातारपणाची काळजी नव्हती, असं कोण म्हणेल? कोकणात नाहीतर घाटावर बहुतेकांचं घर होतं आणि हात थकले की तिकडेच जायचं होतं. तरीही पाच-दहा वर्षं ऊर फुटेस्तोवर राबतो, पण गावी बसून खाता येईल एवढं द्या, अशी मागणी त्यांनी केली नाही. दिवस मागितला. दुपारचा अर्धा तास मागितला, सूर्य मावळल्यानंतरची वेळ मागितली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्या सभेत दोन बायका बोलल्या, आणि १० जूनला गिरणीमालकांनी रविवार कबूल केला. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली.

घोळ आणखी एक आहे. रविवार हा सोमवारसाठी ताजंतवानं होण्याचा दिवस, असं आज कंपनीच्या एचआरपासून घरच्या आजोबांपर्यंत सगळे मानतात. म्हणजे सुट्टी हीसुद्धा कामाचीच तयारी. लोखंड्यांचा म्हणून जो युक्तिवाद सांगितला जातो तो वेगळा होता. रविवार हा खंडोबाचा वार. सहा दिवस पोटासाठी राबलेल्या माणसाला एक दिवस देवासाठी आणि समाजासाठी हवा. त्या दिवसाचा मालक कामगार होता, गिरणी नव्हती. आणि तो मिळण्याआधी आणखी वीस वर्षं राबून दाखवायची अटही नव्हती. वारकऱ्यांनी जे बिनबोभाट केलं, ते सत्यशोधक लोखंड्यांनी अर्ज लिहून, सह्या घेऊन, गोऱ्या-पारशी मालकांच्या नाकावर टिच्चून केलं. या दोघांचं नातं आमच्या इतिहासाच्या पुस्तकांनी जोडलं नाही, हे आमचंच दुर्दैव.

आता अमेरिकेतून आलेल्या ‘फायर’कडे, म्हणजे पैसे साठवून लवकर निवृत्त होण्याच्या चळवळीकडे वळू. जो डोमिंग्वेझ हा वॉल स्ट्रीटवरचा माणूस १९६९ मध्ये, एकतिशीत, नोकरी सोडून बसला. विकी रॉबिनबरोबर त्याने लिहिलेलं ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ १९९२ मध्ये आलं. त्याचा भर होता पुरेसं म्हणजे किती, या प्रश्नावर. आलेल्या वेळात त्याने विनामोबदला काम केलं, पुस्तकाची कमाईही संस्थेमार्फत समाजकार्याला दिली. आपल्याकडे पोचेपर्यंत प्रश्न गळून पडला आणि आकडा तेवढा राहिला. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमवा, दरसाल चार टक्के काढा. हे चार टक्के विल्यम बेंगेनने १९९४ मध्ये अमेरिकी शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावरून, तीस वर्षांच्या म्हातारपणासाठी काढले होते. पंचेचाळिशीत बाहेर पडणाऱ्या बीडच्या माणसाला चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढायची असतात, तीही आपल्या महागाईत. आणि साठवलेलं हाताशी राहील, हेही गृहीत. २०२३ मध्ये ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेच्या शाखांपुढे अडकलेल्या ठेवींसाठी लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना यापेक्षा जास्त काय सांगायचं!

त्या गुरुजींचा तबला मात्र डोक्यातून जात नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळात महावितरणचा एक लाइनमन पखवाज वाजवतो. सप्ताहाच्या रात्री तो आला की आधी कणकेचा गोळा मळतो, पखवाजाच्या डाव्या पुडीला लावतो, थाप मारतो, थोडी कणीक काढतो, पुन्हा थाप मारतो. खर्ज मनासारखा लागेपर्यंत कुणाशी बोलत नाही. मग बुवा उभे राहतात. दिवसभर त्याचा मोबाइल वाजत असतो, वादळवारं झालं की रात्रीही खांबावर चढावं लागतं. त्याला लवकर निवृत्तीचं विचारलं तर म्हणाला, “निवृत्त होऊन काय करू, हेच ना?” हा हात विशीपासून बसलाय. पंचेचाळिशीत कणीक मळायला बसला असता तर बोटं वळली नसती.

तरीही मंगल कार्यालयातल्या त्या इंजिनिअर पोरांना मी हसणार नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर होते, काहींचे अजूनही आहेत. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन ट्रकवर संसार चढवायचा, पोरं आजीपाशी नाहीतर थेट कोपीवर, आणि परत येणं हंगाम संपून पट्टा पडल्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठून मोळ्या भरायच्या. अशा घरातून हिंजवडीला गेलेला पोरगा पगारातला निम्मा भाग वाचवतो तेव्हा त्याला स्वतःला गोव्याच्या किनाऱ्यावर लोळायचं नसतं. त्याला आईबापाला फडातून काढायचं असतं. आमच्या जिल्ह्यात लवकर निवृत्तीचं पहिलं स्वप्न हे दुसऱ्यासाठीच पाहिलं जातं. पन्नाशीच्या आत कंबर गेलेल्या बापाला घरी बसवणं, याला चैन कोण म्हणेल? वक्त्याला हे दिसलं असतं तर त्याने सावत्याला मध्ये आणलं नसतं.

पण एकेका पोराने एकेका आईबापाला बाहेर काढलं तरी फड तसाच राहतो, त्यात दुसरे आईबाप उतरतात. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याला दंड. पाळीच्या चार दिवसांत खाडा नको, दुखणं अंगावर काढायला नको, म्हणून किती बायांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या, हे २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलं. एकट्या बीड जिल्ह्यात तो आकडा तेरा हजारांच्या वर होता. दुपारचा हक्काचा अर्धा तास, महिन्याचे दोन-तीन दिवस नसले की माणसाला काय विकावं लागतं, ते या आकड्यात आहे.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांची तडजोड झाली, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. चर्चा गाजली ती टनामागच्या रुपयांची आणि मुकादमाच्या कमिशनची. मिळायलाच हवे होते ते पैसे. पण साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत बॉयलरवरच्या कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे, ऐन गळीत हंगामातसुद्धा, पाळीपाळीने का होईना. ती लोखंड्यांनी मिळवलेली. त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्या बाईला ती नाही, कारण कायद्याच्या लेखी ती कारखान्याची नाही, मुकादमाची आहे.