हाकेला धावण्यापूर्वी

शेजारच्या घराला आग लागली असता कोणी आपली नाडी मोजत बसत नाही. हाती लागेल ती कळशी, बादली, वाळूचे घमेले घेऊन माणूस धावत सुटतो, आणि त्या धावण्यातच शेजारधर्माचे सत्त्व आहे असे आपण मुलांना शिकवीत आलो आहोत. त्या शिकवणीविरुद्ध काही लिहावे असा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु ज्याने स्वयंसेवक म्हणून नाव नोंदविले, शिक्षण घेतले आणि अशा प्रसंगी पुन्हा पुन्हा जाण्यास जो बांधला गेला, त्याच्यापुढे एक प्रश्न उभा असतो. बादली घेऊन धावणाऱ्या शेजाऱ्याला तो शिवतही नाही. आज, या घटकेला, मी जाण्यास योग्य आहे काय? प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो. आमच्या मते तो आधी नीतीचा आहे.

सोलापूरकरांना तो दूरचा वाटू नये. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. त्यांत मालकाच्या कुटुंबातील माणसे होती, कामगार होते, एक लहानगे मूलही होते. सूत, रुई आणि तयार टॉवेलांच्या थप्प्या यांची आग किती चिवट असते, हे यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या कोणालाही विचारावे. वरची ज्वाळा विझली तरी थप्पीच्या पोटात सूत धुमसत राहते, आणि ज्वाळा पोहोचण्याआधीच धूर माणसाला गाठतो. त्यात आपल्याकडे काम आणि वास्तव्य पुष्कळदा एकाच आवारात. पूर्व भागातील कितीतरी घरांत मागाचा खडखडाट ऐकतच मुले मोठी झाली आहेत. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत आपला पारा चाळिशी सहज ओलांडतो; म्हणजे आगीपाशी पोहोचण्यापूर्वीच मदतीला निघालेल्याचे अंग अर्धे भाजून निघालेले असते.

महापालिकेचे अग्निशमन दल पगारी आणि प्रशिक्षित आहे. पण बंब येईपर्यंतची पहिली मिनिटे नेहमीच इतरांची असतात: कारखान्यातील कामगारांची, ज्यांना आगीच्या वेळी काय करावे याचे शिक्षण द्यावे असे १९४८ चा कारखाना अधिनियम सांगत असे, होमगार्डची आणि नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांची. होमगार्ड ही संघटना जुन्या मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये उभी राहिली आणि 'निष्काम सेवा' हे तिचे ब्रीद ठरले. परदेशांत तर ही प्रथा फार खोल रुजलेली आहे. चिली देशात अग्निशमनाचे सारे काम स्वयंसेवकच करतात. जर्मनी आणि अमेरिका येथेही आग विझविणाऱ्यांत बहुसंख्य तेच आहेत. दिवसा शिक्षक, सुतार किंवा दुकानदार असलेला माणूस रात्री भोंगा वाजताच शिरस्त्राण चढवितो. पगारी जवानाचे निदान वेळापत्रक असते, वरिष्ठ असतो, वैद्यकीय तपासणी असते. स्वयंसेवक कोणत्या अवस्थेत घरून निघाला, हे पुष्कळदा त्याचे त्यालाच ठाऊक असते. म्हणून हा प्रश्न त्याच्या बाबतीत अधिक तीव्र होतो.

शरीराची साक्ष आधी पाहू. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या १,१४४ अग्निशामकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४४९ जण, म्हणजे शेकडा ३९, हृदयविकाराने गेले होते. आग विझविण्यात त्यांच्या एकूण वेळाचा अगदी थोडा भाग जात असूनही या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश मृत्यू त्या थोड्या वेळात घडले. लोकांच्या मनात अग्निशामकाचा मृत्यू म्हणजे कोसळणारे छत आणि ज्वाळांचा लोळ; प्रत्यक्षात त्याचा शत्रू बरेचदा त्याने घरूनच छातीत आणलेला असतो. निद्रानाशाचेही तसेच. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची हालचाल आणि अवधान, अनेक देशांच्या कायद्याने वाहन चालविण्यास मनाई होईल इतके मद्य प्यालेल्या माणसासारखे होते, असे १९९७ मध्ये प्रयोगाने दाखवून देण्यात आले. मागावर दोन पाळ्या एकापाठोपाठ केलेला तरुण थेंबभरही न पिता त्या अवस्थेत असतो, आणि त्याच्या तोंडाला वास येत नसल्यामुळे कोणी त्याला अडवीत नाही.

उपवासाचाही विचार या ओघात झाला पाहिजे. आपला प्रायश्चित्तकाळ आणि सोलापूरचा कडक उन्हाळा हे वर्षानुवर्षे हातात हात घालून येतात. उत्तम शुक्रवारी अन्नाविना राहिलेला भाविक, किंवा रमजानच्या महिन्यात पाण्याचा थेंब न घेतलेला त्याचा मुस्लिम शेजारी, दोघेही त्या दिवशी श्रद्धेने बलवान असतील. घाम गाळून उरलेले पाणी मात्र दोघांच्याही अंगात सारखेच कमी असते. आजारी माणसाला आणि अंगमेहनत करणाराला ख्रिस्तसभेने उपवासातून सूट दिलेलीच आहे. ती सूट घेणे कमीपणाचे मानणारी माणसे आपल्या धर्मग्रामांतून आढळतात. लग्नघरातून परतलेल्या माणसाविषयी वेगळे सांगावयास नकोच. आपल्याकडील लग्नांची कीर्ती आम्ही वाढविण्याची गरज नाही.

विमान चालविणाऱ्यांना उड्डाणापूर्वी स्वतःला सहा गोष्टी विचारावयास शिकवितात: आजार, औषध, ताण, मद्य, थकवा आणि मनःस्थिती. साधीच यादी आहे. सर्दीच्या एका गोळीने येणारी गुंगी किंवा घरातील मृत्यूनंतरचे बधिरलेपण यांचीही तेथे दखल घेतली जाते. मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की ज्या मनाने हे प्रश्न विचारावयाचे, त्याच मनाला थकव्याने आणि मद्याने आधीच ग्रासलेले असते. दमलेला माणूस आपण दमलेलो नाही असे शपथेवर सांगतो. त्यात भोंगा वाजला, सोबती निघाले, गल्लीतील माणसे पाहत आहेत. अशा वेळी 'आज मी नको' हे तीन शब्द उच्चारणे आगीत शिरण्याहून अवघड जाते. आगीच्या भीतीपेक्षा लोकलज्जेची भीती पुष्कळांना अधिक असते, आणि ती धैर्याचे रूप घेऊन वावरते.

संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा'त धैर्याची चर्चा करताना निर्भयता हासुद्धा एक दोष गणला आहे, हे वाचून आमच्या अनेक वाचकांना नवल वाटेल. जेथे भ्यावयास हवे तेथे न भिणे हे, त्यांच्या मते, जीवनावरील योग्य प्रेमाच्या अभावातून, गर्वातून किंवा मंदबुद्धीतून येते. पुढे त्यांनी स्वतःच्या शक्तीबाहेरचे कार्य अंगावर घेणे हा एक दोष सांगितला, आणि शक्तीत असलेले कार्य टाळणे हा दुसरा. येथे मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण या दोहोंपैकी दुसरा, मनाचा खुजेपणा, त्यांनी स्वरूपतः अधिक गंभीर मानला आहे. तेव्हा 'मी योग्य नाही' हे वाक्य आपोआप पवित्र ठरत नाही. दर वेळी पाठदुखीचे कारण सांगून मागे राहणारा माणूस प्रत्येक संघटनेत असतो, आणि त्याच्या वाट्याचे ओझे वाहणारे त्याला चांगलेच ओळखतात.

आता आपल्या गावच्या एका थोर पुरुषाकडे वळणे भाग आहे, कारण त्यांचे उदाहरण आमच्या म्हणण्याच्या आड उभे राहते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये जे पाच भारतीय डॉक्टर स्वेच्छेने गेले, त्यांतील ते एक. रणभूमीनजीक त्यांनी अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या. पुढे डॉ. बेथून यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. अपस्माराचे झटके येऊ लागल्यावरही त्यांनी काम सोडले नाही, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या बेथून यांचे नाव त्या रुग्णालयाला होते, ते कॅनडाचे शल्यविशारदही १९३९ च्या नोव्हेंबरात शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेचे विष अंगात भिनून गेले होते. भैय्या चौकातील कोटणीसांच्या जुन्या घराचे आता स्मारक झाले आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलाने 'स्वतःच्या प्रकृतीचा विचार करणे हे क्षुद्र माणसाचे लक्षण' असा बोध घेतला, तर त्याला दोष कसा द्यावा?

आम्हांला वाटते, या उदाहरणात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या सोडवून पाहिल्या पाहिजेत. कोटणीसांनी स्वतःचे आयुष्य पणाला लावले. ते त्यांचे होते, आणि ते देण्याचा त्यांना अधिकार होता. शिवाय त्यांच्या मागे रांगेत दुसरा शल्यविशारद उभा नव्हता. त्यांनी चाकू खाली ठेवला असता तर मेजावरील जखमी सैनिक उपचाराविना राहिला असता. परंतु हात चालू असतानाच झटका आला तर मेजावरच्या त्या सैनिकाचे काय, हा प्रश्न त्यांच्यासारख्या सुज्ञ माणसाच्या मनात आलाच नसेल असे आम्ही मानीत नाही. स्वतःचा जीव देणे आणि दुसऱ्याचा जीव त्याला न विचारता डावाला लावणे यांतील सीमारेषा तेथे अगदी पुसट झाली होती, ती परिस्थितीच्या निकडीमुळे. जेथे पाच माणसे तयार उभी आहेत आणि सहाव्याने ताप अंगावर काढून पुढे व्हावयाचे आहे, तेथे ती निकड नसते.

आगीत तर ही रेषा अधिक स्पष्ट दिसते. धुराने भरलेल्या जागेत श्वसनयंत्र लावून कोणी एकटा शिरत नाही. जोडीने शिरावयाचे आणि जोडीनेच बाहेर यावयाचे, हा जगभरचा नियम आहे. बाहेर एक माणूस कोण आत गेला आणि त्याची हवा किती उरली याची नोंद ठेवतो. आता जोडीतील एक जण आत कोसळला, तर दुसरा अडकलेल्याचा शोध सोडून सोबत्याला ओढू लागतो. बाहेरून आणखी दोघे त्यांच्यामागे जातात. ज्या मुलाला शोधावयास ते निघाले होते ते तसेच वरच्या मजल्यावर राहते. म्हणून 'मी मरावयास तयार आहे काय' असे स्वतःला विचारणारा स्वयंसेवक कितीही उदात्त असला, तरी तो चुकीचा प्रश्न विचारीत आहे. मी पडलो तर कोणाकोणाला माझ्यासाठी वळावे लागेल, हे त्याने विचारावे. आपल्या प्रकृतीविषयी सोबत्यापाशी खोटे बोलणे हे आठव्या आज्ञेच्या कक्षेत येते, एवढेच नव्हे तर पाचवीच्याही उंबरठ्यावर जाते, असे आम्ही म्हटले तर धर्मगुरूंनी आम्हांला रागावू नये.

निर्णय केव्हा करावा, याविषयी संत इग्नाशियस यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करावयास त्यांनी आपल्या अनुयायांना सांगितले, आणि मनाच्या काळोख्या अवस्थेत आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये असा नियमही घालून दिला. भोंगा वाजण्याची घटका हीदेखील एक प्रकारे मन काळवंडण्याचीच घटका असते. त्या क्षणी केलेली आत्मपरीक्षा विश्वासार्ह नाही. ती पाळीच्या आरंभी व्हावी, झोपण्यापूर्वी व्हावी. आज रात्री बोलावले तर मी आत जाईन की बाहेरचे काम करीन, हे ठरवून सोबत्याला कळवावे, आणि मग घंटा वाजल्यावर त्यात बदल करू नये. एक जबाबदारी पथकप्रमुखाचीही आहे. त्याने प्रत्येकाला नावाने विचारावे आणि 'नाही' हे उत्तर कारण न विचारता स्वीकारावे. कोणाला फेफऱ्याची गोळी चालू असते, कोणाच्या घरी काल रात्री भांडण झालेले असते, एखादी स्वयंसेविका गरोदर असते आणि तिने अजून सासूलाही सांगितलेले नसते. कारण सांगण्याची सक्ती केली की माणसे 'हो' म्हणू लागतात.

आणि बाहेरचे काम कमी प्रतीचे आहे असे कोणी म्हटले? १०१ वर नीट पत्ता सांगणारा, अरुंद बोळाच्या तोंडाशी उभ्या केलेल्या दुचाक्या हलवून बंबाला वाट करून देणारा, विजेचा मुख्य खटका बंद झाला की नाही हे पाहणारा, गर्दीतून त्या घरची माणसे शोधून आत नेमके किती जण झोपले होते हे जवानांना सांगणारा माणूस हवाच असतो. पुष्कळदा यांपैकी एकही माणूस नसतो, कारण सगळे दाराशी गर्दी करून उभे असतात. दरवर्षी १४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात कामी आलेल्या ६६ अग्निशामकांचे स्मरण करतो आणि त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतो. ते स्मरण योग्यच आहे. त्याच सप्ताहात एखाद्या कारखान्याने किंवा धर्मग्रामातील तरुण मंडळाने आपल्या स्वयंसेवकांसाठी एक वही घालावी, असे आम्ही सुचवितो. तीत नावापुढे 'आत', 'बाहेर' आणि 'आज नाही' असे तीन रकाने असावेत, प्रत्येकाने संध्याकाळी आपल्या हाताने खूण करावी, आणि तिसऱ्या रकान्यातील पहिली खूण मंडळाच्या अध्यक्षांनीच, खरोखर तशी वेळ असेल त्या दिवशी, सर्वांदेखत करावी.