फटफटीचा जीर्णोद्धार

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी गोठा झाडायला काढला. गोठा म्हणायचा तो सवयीने. त्यात आता गाय नाही की म्हैस नाही. मोडक्या खुर्च्या, रिकामी पिंपे, शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली वडिलांची फटफटी. गोणपाट ओढले तसा धुरळा उडाला, एक पाल सरसरत भिंतीवर गेली, आणि मला दुधाचा आंबूस वास आला. इतक्या वर्षांनी तो वास टिकत नाही, हे मला कळते. पण आला, एवढे खरे.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "यंदा तरी तिचं काय ते कर. भंगारात घाल, नाही तर चालती कर. नुसती ठेवू नकोस."

तसे पाहिले तर प्रश्न किती साधा! पण मला त्याचे उत्तर द्यायला वर्ष लागले. जुनी वस्तू दुरुस्त करण्याच्या लायकीची आहे की नाही, हे ठरवताना माणूस वस्तूकडे थोडे आणि स्वतःकडेच फार पाहतो, असे माझ्या ध्यानात आले.

गाडी राजदूत, १९७४ सालची. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्याने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून उभी केलेली, १७३ सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, पेट्रोलात ऑइल मिसळून घालायचे आणि मागे निळा धूर सोडत जायचे. दिसायला ती कधीच देखणी नव्हती. शहरातल्या हौशी तरुणांनी दुसऱ्या गाड्यांवर जीव टाकला. राजदूत पत्करली ती खेड्यांनी आणि दूधवाल्यांनी. ती खड्ड्यांना भीत नसे, ओझ्याला कुरकुरत नसे, आणि बिघडली तर कोणत्याही झाडाखाली पाना घेऊन बसलेला माणूस ती नीट करू शके. हिची एक धाकटी बहीण होती. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात झळकली, तीच ती इवलीशी राजदूत. आमच्या गाडीची बातमी ऐकून शहरातून एक गृहस्थ आले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता, "बॉबीवाली आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

आमच्या गाडीने चित्रपट पाहिला नाही. तिने सिंहगड रस्ता पाहिला. पहाटे चारला अण्णा किक मारीत. मागच्या बाजूंना लोखंडी सांगाडा जोडलेला, त्यात दोन्ही अंगांना कॅन. आणि टाकीवर पुढ्यात मी. खडकवासल्याहून पुणे सोळा-सतरा किलोमीटर. सदाशिव पेठेतल्या वाड्यांत दूध घालून झाले की अण्णा मला शाळेत सोडीत. खडकवासला २०२१ साली पुणे महापालिकेत गेले. त्या काळी मात्र आम्ही गावाकडचेच होतो, आणि माझ्या शर्टाला दुधाचा वास येई. आठवीत असताना मी एकदा म्हणालो, "अण्णा, मला कोपऱ्यावरच उतरवा." त्यांनी का म्हणून विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून ते कोपऱ्यावर थांबू लागले, ते मी शाळा सोडीपर्यंत.

हे सांगितले नसते तर मी गाडीविषयी जे काही लिहीन ते खोटे ठरले असते.

मग मेस्त्री आले. त्यांनी किकवर पाय ठेवून पाहिला, टाकीत विजेरी मारली आणि म्हणाले, "गुरुजी, इंजिन जाम आहे, पण जीव आहे. नुसती चालती करायची तर पंधरा-वीस हजार. कंपनीतून आल्यासारखी करायची तर साठ लागतील. टाकीचा पोचा काढू, रिमा नव्या घालू, रंग देऊ, हा दुधाचा सांगाडा कापून टाकू. ओळखू यायची नाही."

ओळखू यायची नाही! मेस्त्री ते कौतुकाने म्हणाले. मी मात्र त्यावर अडलो. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पुष्कळांना ठाऊक असेल. राजा रथातून आला होता. नागसेनाने विचारले, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. मग रथ तो कुठला? तर या सगळ्यांच्या जुळणीला आपण दिलेले ते एक नाव. मीही गोठ्यात उभा राहून तसेच विचारून पाहिले. टाकी म्हणजे अण्णांची गाडी का? पिस्टन? हँडल? पिस्टन तर अण्णांनी स्वतःच बदलला होता. टायर कितीदा बदलले त्याची गणतीच नाही. म्हणजे सुटे भाग बदलल्याने गाडी परकी होत नाही. तिला परके करते ते दुसरेच काही: तिच्या अंगावरून तिचे आयुष्य पुसून टाकणे. टाकीचा तो पोचा धायरीच्या उतारावर पडल्याचा आहे. सांगाड्याच्या कड्या कॅन घासून झिजल्या आहेत. त्या १९७४ साली नव्हत्या, आणि म्हणूनच त्या अण्णांच्या आहेत.

आपल्या सरकारचाही या बाबतीत एक नियम आहे. २०२१ च्या जुलैपासून, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यासाठी २०,००० रुपये भरायचे, गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नवा क्रमांक मिळतो. पण अट अशी की ती रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, मिरवणूक यांसाठी चालेल. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण मला त्यात एक गंमत दिसली. जी गाडी जन्मभर ओझे वाहत आली, तिला मान मिळणार तो तिने ओझे टाकले तर! पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, झूल घालतो. पण तो कामाचा बैल असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला जू असते.

अशा विचारात एका संध्याकाळी धरणाकडे फिरायला गेलो, आणि तिथे मला थोडे उमगले. आमचे धरण १८७० च्या दशकात बांधलेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला, हेही फुटले, आणि पुण्यात काय झाले ते घराघरांत सांगितले जाते. पुढे ते धरण पुन्हा उभे केले. ते कोणी आठवण म्हणून उभे केले नाही. शहराला तहान लागली होती म्हणून केले. ते जुन्यासारखे दिसते का, हा प्रश्न दुय्यम होता. पाणी धरते का, हा पहिला. मी स्वतःला विचारले: या गाडीला कोणाची तहान आहे? प्रामाणिक उत्तर आले, माझ्या मनातल्या त्या कोपऱ्याची. साठ हजार खर्चून मला ती गाडी शाळेच्या फाटकापर्यंत न्यायची होती. पण उतरायला आठवीतला मुलगा नाही आणि सोडायला अण्णाही नाहीत. पैशाने फिटावे असे ते ऋण नव्हे. शिवाय मुलीच्या कॉलेजची फी डोक्यावर असताना बापाने स्वतःच्या पश्चात्तापाला निकेल चढवत बसावे, हे काही बरे नाही.

तेव्हा भंगारात घालावी असे ठरवून मी घरी आलो. आईला म्हणालो, "गाडी देऊन टाकू. अण्णांचा जीव होता तिच्यावर, पण काय करणार."

आई हसली. "जीव? रोज शिव्या द्यायचे तिला. कंबर गेली त्यांची तिच्यापायी." मग भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "मी कधी बसलेच नाही तिच्यावर. कॅन असायचे ना दोन्हीकडे. रिकामे घेऊन परत यायचे तेव्हा मी शेतात. भाऊबीजेला डोणज्याला जायचे तर ते म्हणायचे, सांगाडा काढला की नेतो. तो काही निघाला नाही."

मी गप्प राहिलो. जो सांगाडा मी अण्णांची खूण म्हणून जपायला निघालो होतो, तोच आईच्या वाटेत उभा होता. मला ती झीज दिसली. त्यापायी मोकळी न झालेली जागा दिसली नाही. आठवण जपणाऱ्याने एवढे तरी पाहावे, की आपण जी खूण जपतो ती घरातल्या दुसऱ्या कोणाचे न मिळालेले काही असू शकते.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना सांगितले, चालती करा. रंग नको, टाकीचा पोचा राहू द्या. सांगाडा मात्र काढा. कापू नका, नटबोल्ट सोडवा. तो आता गोठ्याच्या भिंतीला टांगला आहे. सीट नवी घातली आहे, जरा रुंद. नोंदणीचे नूतनीकरण झाले. परवा इंजिन बोलले. पहिल्या धुराने मेस्त्रींचे सारे दुकान निळे झाले, आणि तेवढ्या धुरासाठी शेजाऱ्यांची माफी मागून झाली. असा धूर रोज सोडण्याचा हक्क आज कोणाला नाही, हेही मला पटते. म्हणून ती फार धावणार नाही.

भाऊबीजेला डोणज्यापर्यंत, तलावाच्या काठाकाठाने, एवढेच सध्या ठरले आहे. मामांना कळवले आहे. आईने एकच विचारले, "धरायचं कुठं रे?" मी म्हणालो, "माझ्या खांद्याला."